मुंबईत घरची बिअर सारखी बिघडतेय? आधी थर्मामीटर बघा

घरी बिअर करणाऱ्या मंडळींचा घाबरलेला मेसेज आला की तो हमखास असाच असतो, "इन्फेक्शन झालंय वाटतं, फोटो टाकलाय, ओतून देऊ का?" आणि फोटोत बघावं तर साधा तपकिरी फेस, कडेला चिकटलेला हॉप्सचा (कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा, तळाला यीस्टचा गाळ. म्हणजे जे असायला पाहिजे तेच. ओतू नका. खरं इन्फेक्शन होतं, नाही असं नाही, पण मुंबईत बिअर बिघडायचं पहिलं कारण माझ्या मते उकाडा आहे, दुसरं नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, आणि जंतूंचा नंबर त्याच्यानंतर लागतो. आणि उकाड्याने बिघडलेली बिअर दर वेळी वेगळी लागते, कधी केळ्यासारखी, कधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखी, म्हणून माणूस दर वेळी नवीन कारण शोधत बसतो, रेसिपी बदलतो, माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) बदलतो, दुकानदाराला शिव्या घालतो, आणि खोलीचं तापमान मात्र तेच 31 अंश.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे तो विषय संपला. राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे, त्यात बिअरही आली, "विकत नाही हो, घरापुरतीच" म्हणून सुटका नाही. बिअर प्यायचं वय आपल्याकडे 21. हे माहीत असू द्या आणि आपापलं ठरवा. खालचं बरंचसं कोम्बुचा (आंबवलेला चहा) आणि आल्याच्या जिंजर बिअरलाही तसंच लागू पडतं, कारण बाटली फुटायची झाली तर आत काय आहे ते बघून फुटत नाही.

केळं, सॉल्व्हंट, घशात जळजळ

यीस्टच्या पाकिटावर जे तापमान लिहिलेलं असतं ते खोलीचं नाही, आतल्या वर्टचं, म्हणजे आंबवायला ठेवलेल्या माल्टच्या गोड पाण्याचं. हा फरक कळला की अर्धा त्रास कमी होतो. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता सोडतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत जेव्हा जोरात काम चाललेलं असतं तेव्हा 20 लिटरच्या बादलीत आतलं तापमान खोलीपेक्षा 3 ते 5 अंश वर जातं. मुंबईत मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा 27 च्या आसपास असतो, मग आत 31-32 झालं म्हणून समजा. यूएस-05, एस-04 अशा नेहमीच्या एल यीस्टला स्वच्छ चव द्यायला 18 ते 22 पाहिजे. 30 ला ते मरत नाही, उलट धावत सुटतं, आणि तिथेच घोळ आहे, कारण बुडबुडे धडाधड येतात, दोन दिवसांत सगळं शांत होतं, आपण खूश, आणि बाटली उघडली की सॉल्व्हंटचा वास.

ह्यात फरक ओळखायला शिका, कारण काही गोष्टी सुधारतात आणि काही नाही. केळ्याचा वास म्हणजे आयसोअॅमाइल अॅसिटेट, जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरमध्ये तो हवाच असतो, पण पेल एलमध्ये आला तर उकाडा. सॉल्व्हंटचा वास आणि घशात जळजळ म्हणजे जड अल्कोहोल, फ्यूजल म्हणतात ते. ही दोन्ही पहिल्या 72 तासांत तयार होतात आणि नंतर फ्रिजमध्ये महिनाभर ठेवून फारसा उपयोग होत नाही. हिरव्या सफरचंदाची चव आली तर मात्र थांबा, ते अॅसिटाल्डिहाइड आहे, बिअर अजून कच्ची आहे, यीस्टवरच अजून आठवडाभर राहू दिली तर बहुतेक वेळा यीस्टच ते परत खाऊन टाकतं. लोण्यासारखी, थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखी चव म्हणजे डायअॅसिटिल, त्यालाही तोच उपाय, यीस्टवर ठेवा, घाईने थंड करू नका. फक्त लोणी आणि आंबटपणा एकत्र आले तर मग जंतूंचा संशय घ्या.

आता उपाय. इंटरनेटवर सगळीकडे एकच सांगतात, फर्मेंटरला (आंबवायच्या भांड्याला) ओला टॉवेल गुंडाळा, पंखा लावा. पुण्याला एप्रिलमध्ये करा, नागपूरला करा, झकास चालतं. मुंबईत चालत नाही. पाणी उडून गेल्यामुळे थंडावा येतो आणि आपल्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की ते उडणार कुठे. 32 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली की ओला कपडा जास्तीत जास्त 27 पर्यंत उतरतो, त्याच्या खाली जाणं शक्यच नाही, मग पंखा कितीही मोठा लावा. घरात कूलर का चालत नाही तेच कारण. (डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडी हवा येते तेव्हा थोडं बरं चालतं, पण तेव्हा गरजही कमी असते.)

त्यापेक्षा बर्फ. मासळीवाले वापरतात ती थर्माकोलची जाड पेटी मिळवा, फर्मेंटर आत मावला पाहिजे, बाजूला पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या उभ्या करा आणि झाकण बंद. हिशोब सोपा आहे: 1 लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून पुन्हा 20 अंशांना येईपर्यंत 20 लिटर वर्टमधून साधारण 5 अंशांची उष्णता ओढून घेते. प्रत्यक्षात बाहेरूनही उष्णता आत शिरत राहते म्हणून सकाळी एक आणि रात्री एक, कडक उन्हाळ्यात दोन-दोन, असं बदलत राहावं लागतं. फ्रीझरमध्ये सहा-आठ बाटल्या कायम फिरत्या ठेवायच्या, घरातल्यांशी आईसक्रीमच्या जागेवरून वाद होणार, तो घाला. पहिले तीन दिवस हे काटेकोर पाळलं की नंतर तापमान थोडं चढलं तरी बिघडत नाही, उलट शेवटी चढलेलं चांगलंच, यीस्ट कामं पुरी करतं.

जागा असेल तर जुना सेकंडहँड फ्रिज आणि एसटीसी-1000 सारखा तापमान कंट्रोलर, ह्याला तोड नाही. पण सेन्सर फ्रिजच्या हवेत लटकवू नका, फर्मेंटरच्या अंगाला चिकटवा आणि वरून थर्माकोलचा तुकडा टेपने दाबा. हवेत लटकवला तर फ्रिज हवेचं तापमान 19 ठेवतो आणि आत वर्ट 24 वर मजेत बसलेलं असतं.

आणि बर्फाचा कंटाळा आला असेल, वन रूम किचनमध्ये पेटी ठेवायला जागाच नसेल, तर मुंबईच्या हवेला जुळणारं यीस्ट घ्या. नॉर्वेच्या शेतकरी घरांतलं क्वाइक, त्यातलं व्हॉस जातीचं सुकं यीस्ट मिळतं, ते 35 ते 40 ला सगळ्यात खूश असतं, तीन-चार दिवसांत काम उरकतं आणि संत्र्याच्या सालीसारखा हलका वास देतं. मी तर म्हणेन मार्च ते जून आणि ऑक्टोबर हीटमध्ये दुसरं काही करूच नका. एवढंच बघा की क्वाइकला पोषण जास्त लागतं, हलक्या ग्रॅव्हिटीचं, म्हणजे कमी साखरेचं, वर्ट असेल तर यीस्ट न्यूट्रियंट घालायला विसरायचं नाही, नाहीतर ते अर्ध्यात रुसतं. सेझन यीस्टही 30-32 ला छान काम करतं पण त्याची एक खोड आहे, ती खाली बाटल्यांच्या भागात सांगतो.

वर्ट थंड करतानाही तीच अडचण. तांब्याची कॉइल घालून नळाचं पाणी सोडलं तर गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी दुपारी स्वतःच 30 च्या वर असतं, मग वर्ट त्याच्याखाली कसं जाणार. नळाच्या पाण्याने 40 पर्यंत आणा, मग पातेलं बर्फाच्या पाण्याच्या टबात. नाहीच जमलं तर उकळतं वर्ट जाड, उष्णता सोसणाऱ्या स्वच्छ कॅनमध्ये भरून बंद करा, रात्रभर राहू द्या, सकाळी नीट थंड झालं की यीस्ट घाला. 35 अंशांच्या वर्टमध्ये एल यीस्ट टाकून "नंतर थंड होईल हळूहळू" असं करू नका, वास तिथूनच सुरू होतात.

"दादा, बुडबुडेच येत नाहीयेत"

बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण जरा जरी सैल असेल तर गॅस तिथून निघून जातो आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची नळी) मख्ख. झाकण उचलून (स्वच्छ हाताने) बघा, फेस किंवा फेसाचं कडं दिसलं तर काम चाललंय. आणि मग हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायची काचेची नळी, साखर संपत जाते तसा तिचा आकडा उतरतो.

हायड्रोमीटरमध्येही मुंबईचा एक झोल आहे. बरेचसे 20 अंशांना कॅलिब्रेट केलेले असतात, काही जुने 15.6 ला, नळीवर किंवा कागदावर लिहिलेलं असतं. 20 वाल्याने 30 अंशांच्या बिअरमध्ये मोजलं तर आकडा 2 ते 3 पॉइंट (1 पॉइंट म्हणजे 0.001) कमी दिसतो, म्हणजे 1.010 दिसलं तर खरं 1.012-1.013. सॅम्पल ग्लासात घेऊन फ्रिजमध्ये जरा ठेवा, 20 झालं की मोजा.

रिफ्रॅक्टोमीटरवाल्यांचा (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) गोंधळ उलटा. सुरुवातीला 12 ब्रिक्स (साखरेचे टक्के) होतं, आता 6 वर अडकलंय, आठवडा झाला हलत नाही, अजून यीस्ट टाकू का? नका टाकू, झालीय तुमची बिअर. अल्कोहोल आत आलं की रिफ्रॅक्टोमीटर चुकीचं दाखवतो, 12 ला सुरू होऊन 6 दिसतंय म्हणजे खरी ग्रॅव्हिटी साधारण 1.011 च्या आसपास आहे. दुरुस्तीचे कॅल्क्युलेटर फुकट मिळतात, वापरा.

खरोखरच अडकली असेल, म्हणजे नीट मोजून 1.020 च्या वर आणि तीन दिवस जागची हललेली नाही, तर यीस्टचं पाकीट कसं आलं होतं ते आठवा. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत चार दिवस भाजलेलं यीस्ट निम्मं मेलेलं असू शकतं. पाकीट आलं की थेट फ्रिजमध्ये, आणि साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट 20 लिटरला पूर्ण घाला, "अर्धं पुढच्या वेळी" ही काटकसर नको. दुसरं कारण मॅश, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं. 70 अंशांच्या वर मॅश केलं असेल तर यीस्टला न खाता येणारी साखर जास्त निघते, मग नवीन यीस्ट टाकूनही आकडा खाली येणार नाही, ती बिअर गोडसरच राहणार.

दवाखान्याचा वास

बँडेजसारखी, आयोडीनसारखी चव. ह्याला सगळे इन्फेक्शन म्हणतात आणि बादली घासत बसतात, आणि बऱ्याचदा कारण पाणी असतं. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, बिअरला मुळात चांगलं, मऊ, क्षार कमी. पण त्यात क्लोरीन असतं, असायलाच पाहिजे, आणि क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलला भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, जे इतकं तीव्र लागतं की कणभर पुरतं. ते तयार झालं की जात नाही.

उपाय स्वस्त आहे. सरबतं, स्क्वॅश टिकवायला घालतात ती केएमएस पावडर, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, 20 लिटर पाण्याला पाव ग्रॅमसुद्धा लागत नाही, अगदी बारीक चिमूट, ढवळा, काही मिनिटांत क्लोरीन खलास. दम्याचा त्रास असेल तर तिच्या डब्यात नाक घालू नका. नाहीतर कार्बन फिल्टरचं पाणी घ्या. आरओचं पाणी चालतं पण ते जवळजवळ कोरं असतं, मॅशला कॅल्शियम लागतं, 10 लिटरला 1-2 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड किंवा जिप्सम घाला. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर त्याचं काही सांगता येत नाही, ते मी बिअरला वापरणारच नाही. आणि हो, भांडी ब्लीचने धुवून नीट न विसळणं हेही ह्याच रोगाचं कारण, तो प्रकार बंद करा.

खरं इन्फेक्शन

वर पांढरी, कोरडी, सुरकुतलेली साय आली, तिच्याखाली मोठे बुडबुडे अडकलेत, किंवा बिअर दर आठवड्याला आणखी आंबट होत चाललीय, तर हो, लागण आहे. आपल्या स्वयंपाकघरात विरजण लागतं, इडलीचं पीठ आंबतं, हे सगळे लॅक्टोवाले, म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणारे जंतू, पण त्यांच्यापेक्षा मोठा गुन्हेगार कच्च्या माल्टची धूळ. माल्टच्या दाण्यावर हे जंतू भरपूर असतात. ज्या खोलीत फर्मेंटर उघडणार त्या खोलीत त्याच दिवशी माल्ट दळू नका, पंखा चालू असेल तर मुळीच नाही.

व्हिनेगरसारखा झोंबणारा आंबटपणा असेल तर चिलटं. आंब्याच्या दिवसांत घरात चिलटांचा सुकाळ असतो, ती अॅसिटोबॅक्टर (व्हिनेगर करणारे जंतू) घेऊन फिरतात, एअरलॉकमधलं पाणी आटलं की झाला त्यांचा रस्ता मोकळा. एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी व्होडका किंवा सॅनिटायझर घाला आणि पातळी बघत राहा. ह्या जंतूला हवा लागते, म्हणून आंबायचं थांबल्यावर अर्धी रिकामी बादली ठेवून देऊ नका.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही वेगळी कामं आहेत, हे मात्र परत परत सांगावं लागतं. चिकट थर असेल तर त्यावर कितीही सॅनिटायझर मारा, थराखाली जंतू जिवंत. आधी घासून धुवा, प्लास्टिकला तारेची घासणी लावू नका कारण ओरखड्यात ते लपतात, मग सॅनिटायझर, आणि त्याला लागेल तेवढा वेळ ओलं राहू द्या. सगळं करूनही बिघडत असेल तर बादलीचा नळ खोला. नळाचे भाग सुटे करून बघितले की आत काय सापडतं ते इथे लिहीत नाही.

बाटल्या: फसफसून उडणाऱ्या, फुटणाऱ्या, आणि सपक

हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळ्यात फार तर बिअर वाया जाते, इथे डोळा जाऊ शकतो.

बाटली भरताना घातलेल्या साखरेचा गॅस होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण आत आधीच उरलेल्या साखरेचाही होतो हे विसरतात. ग्रॅव्हिटीचा 1 पॉइंट उरला म्हणजे साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस (1 व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). तुम्ही 1.014 ला "झाली" म्हणून भरलीत आणि ती खरं 1.010 ला थांबणार होती, तर 2 व्हॉल्यूम गॅस वरून वाढला, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट, आणि मुंबईच्या माळ्यावर 33 अंशांत दाब अजून चढतो. म्हणून तीन दिवसांच्या अंतराने दोन वेळा मोजा, आकडा तोच आला तरच भरा. बुडबुडे थांबले, रविवार आला, मित्र येणारेत, ही भरायची कारणं नव्हेत.

साखर किती? साधी साखर चालते, डेक्स्ट्रोजच पाहिजे असं काही नाही. लिटरला 6 ते 7 ग्रॅम. आपल्या नेहमीच्या 650 मिलीच्या बाटलीला 4 ते साडेचार, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पण चमच्याने प्रत्येक बाटलीत घालण्यापेक्षा सगळी साखर थोड्या पाण्यात उकळून, वजन करून, दुसऱ्या स्वच्छ भांड्यात आधी घाला आणि वरून बिअर सोडा, हळूच ढवळा. एक बाटली कारंजं आणि दुसरी सपक असं होतं ते साखर सारखी न मिसळल्यामुळे. गूळ घालू का असं विचारतात, घाला, पण प्रत्येक गुळात साखर आणि ओलावा वेगळा, अंदाज चुकतो.

भंगारवाल्याकडून बिअरच्या बाटल्या घेताना तोंडाला टवका गेलेला नाही ना बघा, पिळून उघडायच्या झाकणाच्या नकोत, आणि पातळ काचेच्या शोभेच्या बाटल्या तर बघूही नका. प्रत्येक बॅचची एक बाटली सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरा. रोज दाबून बघा, दगडासारखी कडक झाली की बाकीच्याही तयार आहेत असं समजून फ्रिजमध्ये हलवा. आपल्या तापमानात हे एक-दीड आठवड्यात होतं, एसीच्या खोलीत जास्त वेळ लागतो.

एखादी बाटली फुटलीच तर बाकीच्यांना हात लावायला धावू नका. जाड हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या, वरून जाड गोधडी टाका, शक्य तितक्या थंड करा आणि मग एकेक करून झाकण जरा सैल करून गॅस सोडा. भरलेल्या बाटल्या कायम झाकणाच्या क्रेटमध्ये किंवा जाड खोक्यात ठेवायच्या, पलंगाखाली उघड्या नाहीत.

सेझन यीस्टची खोड हीच. त्यातल्या काही जाती डायास्टॅटिकस प्रकारच्या असतात, म्हणजे इतर यीस्ट खात नाही ती जड साखरही ती हळूहळू फोडून खात राहते. सेझन खूप खाली, 1.004 वगैरे, जाऊ द्या आणि मगच भरा. आणि त्याच नळ्या नीट न धुता पुढच्या पेल एलला वापरल्या तर तिकडेही ते यीस्ट जाऊन बसतं आणि दोन महिन्यांनी चांगल्या झालेल्या बाटल्या अचानक उसळायला लागतात. कारण सापडत नाही तेव्हा आधी हे आठवा.

उलट बाटली सपक असेल तर आधी झाकण. उलटी करून बघा, थेंब येतोय का, क्राउन (पत्र्याचं झाकण) नीट दाबलं नसेल तर गॅस निघून जातो. झाकण ठीक असेल तर बाटली उलटीसुलटी करून यीस्ट जागं करा, फ्रिजबाहेर अजून आठवडाभर ठेवा.

उरलेल्या तक्रारी

उकडलेल्या मक्याचा वास: पिल्सनर माल्ट आणि झाकण ठेवून उकळणं. झाकण काढा, 90 मिनिटं चांगली खळाखळा उकळी पाहिजे. घरच्या गॅसच्या शेगडीवर 20 लिटरला तशी उकळी येत नाही, म्हणून 10 लिटरच करा, कमी केलेली चांगली. स्कंकचा (दुर्गंध सोडणाऱ्या प्राण्याचा) उग्र वास: गॅलरीत ऊन लागलं, हिरवी किंवा पांढरी बाटली असेल तर काही मिनिटंही पुरतात, तपकिरी वापरा. चीजसारखा, पायमोज्यासारखा वास: जुने हॉप्स, पाकीट फोडलं की हवा काढून फ्रीझरमध्ये. ओल्या पुठ्ठ्याची चव: बाटली भरताना खळखळ ओतली, हवा गेली, नळी तळापर्यंत घाला. माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा गोदामात दोन उन्हाळे पडलेला असेल तर चव शिळी आणि रंग गडद येणारच, तारीख बघून घ्या.

आणि गढूळपणा. ह्याचे मेसेज सगळ्यात जास्त येतात आणि हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा. थंड केल्यावरच गढूळ होते आणि ग्लासात गरम झाली की निवळते, ते प्रथिनांमुळे, पुढच्या वेळी उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत आयरिश मॉस (सुकं समुद्री शेवाळ) घाला. कायमच गढूळ असेल तर बाटल्या आठवडाभर फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, ओतताना तळाचा बोटभर सोडून द्या. तरीही नाही निवळली तर स्टीलच्या ग्लासात प्या.